राष्ट्रीय अध्ययन चाचणीचा अहवाल शाळेने वाचायचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: शाळेच्या निकालात विज्ञानात बहुतेक मुलं अपेक्षित पातळीवर दिसतात, पण राष्ट्रीय चाचणीच्या अहवालात त्याच इयत्तेचं विज्ञान पार ढेपाळलेलं दिसतं. मग खरं कोण? शिवाय तुमच्या शाळेत ही चाचणी होऊनही एकाही मुलाचे गुण तुम्हाला कळले नाहीत, तर या खटाटोपाचा शाळेला उपयोग काय? आणि भाषा-गणित सोडून बाकीच्या विषयांना कोणी विचारतं का?

मी अशा चाचण्यांसाठी प्रश्न तयार करतो, इतरांचे प्रश्न तपासतो आणि आलेल्या उत्तरांचा हिशेब मांडतो. त्यामुळे जरा लांबण लागेल. थेट उत्तर आधी देतो. दोन्ही निकाल खरे असू शकतात, कारण दोघांनी वेगवेगळी गोष्ट मोजलेली असते. गुण कळत नाहीत ते मुद्दामच. आणि शाळेच्या उपयोगाचं जे आहे ते अहवालाच्या पहिल्या पानावरच्या टक्क्यांत नसतंच. ते मुलांनी निवडलेल्या चुकीच्या उत्तरांत असतं, आणि ती पानं सहसा कोणी उलगडत नाही.

तुमच्यासारखाच पेच इंग्लंडमध्ये अगदी ठळकपणे दिसला. तिथे प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षी, म्हणजे अकराव्या वर्षाच्या आसपास, प्रत्येक मूल विज्ञानात अपेक्षित पातळीला पोचलं की नाही हे शिक्षक स्वतः ठरवून कळवतात. २०१८ मध्ये शिक्षकांच्या मते ८२ टक्के मुलं त्या पातळीवर होती. त्याच वर्षी सुमारे १,९०० शाळांतून प्रत्येकी पाच मुलं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून त्यांना विज्ञानाची लेखी नमुना चाचणी दिली गेली. तिच्यानुसार अपेक्षित पातळीवर होती सुमारे २१ टक्के. दोन वर्षांपूर्वी, २०१६ मध्येही चित्र जवळपास हेच होतं.

एवढी तफावत पाहिली की शिक्षक खोटं बोलतात असं म्हणायचा मोह होतो. मला ते पटत नाही. शिक्षकाने मुलाला वर्षभर पाहिलेलं असतं. घटक शिकवून झाल्यावर आठवडाभरात विचारलेला प्रश्न, गटात केलेला प्रयोग, थोडा हात दिल्यावर आलेलं उत्तर, हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोर असतं आणि ते खोटं नसतं. नमुना चाचणी यातलं काहीच पाहत नाही. ती चार-चार वर्षांचा अभ्यासक्रम एकदम समोर टाकते, पुस्तकात नसलेलं उदाहरण देते, उजळणीला वेळ देत नाही आणि मदत तर अजिबातच करत नाही. पहिल्यातून कळतं की मुलाला शिकवल्यावर जमलं का. दुसऱ्यातून कळतं की त्यातलं किती टिकलं आणि अनोळखी जागी वापरता आलं का. शिवाय 'अपेक्षित' ची रेघ दोन ठिकाणी दोन पद्धतींनी आखलेली असते, तो भाग पुढे येईल. एवढं मात्र खरं की शिक्षकाच्या अंदाजावर शाळेचं नाव अवलंबून असलं की शंकेचा फायदा मुलाला मिळतो. माणूस म्हणून ते समजण्यासारखं आहे, पण आकडा त्याने फुगतोच.

आता गुण का कळत नाहीत ते. समजा विज्ञानाचा अभ्यासक्रम नीट झाकायचा तर दीडशे प्रश्न लागतात. एक मूल तासाभरात त्यातले पस्तीस-चाळीसच सोडवू शकतं. म्हणून प्रश्नांचे गट पाडतात, प्रत्येक पुस्तिकेत दोन-तीन गट घालतात, आणि तोच गट वेगवेगळ्या पुस्तिकांत कधी आधी तर कधी नंतर येईल अशी मांडणी करतात. शेजारी-शेजारी बसलेल्या दोन मुलांच्या हातात वेगवेगळे प्रश्न असतात. सगळ्या मुलांची उत्तरं एकत्र केली की दीडशेच्या दीडशे प्रश्नांवर देशाची मुलं कुठे आहेत ते कळतं, पण एकट्या मुलाबद्दल फार काही कळत नाही. एकाला सोपा गट आला, दुसऱ्याला अवघड. त्यांच्या गुणांची तुलना करणं म्हणजे अन्यायच. संख्याशास्त्रात याला उपाय आहेत, प्रत्येक मुलाच्या क्षमतेचे अनेक संभाव्य अंदाज काढून त्यांवरून गटाचं चित्र तयार करतात, पण ते अंदाज गटासाठीच असतात. अमेरिकेची 'नॅशनल असेसमेंट ऑफ एज्युकेशनल प्रोग्रेस', जिला बोलताना 'नेप' म्हणतात, ती १९६९ पासून चालू आहे आणि आजही ती कुठल्याही मुलाचा किंवा शाळेचा निकाल देत नाही. मुलाला यात काही मिळवायचं नाही आणि गमवायचंही नाही, म्हणून कोणी खास तयारी करून घेत नाही, आणि म्हणूनच तो आकडा विश्वासार्ह राहतो. मुलांचे गुण द्यायला लागलात की पुढच्याच वर्षी त्या चाचणीचे शिकवणीवर्ग सुरू होतील.

नमुन्याच्या आकाराबद्दल एक हिशेब सांगतो, कारण 'लाखो मुलांवर आधारित' असं वाचलं की लोक गप्प होतात. एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात: तेच शिक्षक, साधारण तशीच घरं. त्यामुळे एका शाळेतून पंचवीस मुलं घेतली तरी पंचवीस स्वतंत्र माणसांइतकी माहिती मिळत नाही. समजा २०० शाळांतून प्रत्येकी २५, अशी ५,००० मुलं घेतली. मुलामुलांतल्या एकूण फरकापैकी ३० टक्के फरक शाळाशाळांमधला असेल, तर नेहमीच्या सूत्राने १ + २४ × ०.३ म्हणजे ८.२ हा भाजक येतो. ५,००० ला ८.२ ने भागा. हाती राहतात सुमारे ६१० स्वतंत्र मुलं. म्हणून आम्ही मुलं वाढवण्यापेक्षा शाळा वाढवा म्हणतो, आणि इंग्लंडने एकेका शाळेतून पाचच मुलं घेतली ती याच कारणासाठी. अहवालात सरासरीशेजारी प्रमाण त्रुटी, म्हणजे नमुन्यामुळे ती सरासरी किती इकडेतिकडे होऊ शकते ते सांगणारा आकडा, छापलेली नसेल तर दोन जिल्ह्यांच्या किंवा दोन वर्षांच्या एक-दोन गुणांच्या फरकावर वाद घालू नका. मी अशा वादात पडत नाही.

आता मूळ मुद्दा, चुकीची उत्तरं.

'नेप' च्या १९७७-७८ च्या गणित चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारलं होतं: १२/१३ अधिक ७/८ याचं उत्तर अंदाजे किती? पर्याय होते १, २, १९, २१ आणि 'माहीत नाही'. दोन्ही अपूर्णांक एकाच्या जवळ आहेत, म्हणजे उत्तर दोनच्या आसपास. २ हे उत्तर २४ टक्के मुलांनी दिलं. एवढ्यावर थांबलात तर 'तीन चतुर्थांश मुलांना अपूर्णांक येत नाहीत' ही बातमी झाली, आणि तिचा वर्गात शून्य उपयोग. पुढचं बघा. १९ निवडणारी २८ टक्के, २१ निवडणारी २७ टक्के. १२ आणि ७ मिळून १९; १३ आणि ८ मिळून २१. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांनी अपूर्णांक ही एक संख्या आहे असं धरलंच नाही. त्यांना वर एक आणि खाली एक अशा दोन सुट्या संख्या दिसल्या, आणि अंशांची किंवा छेदांची बेरीज करून ती मोकळी झाली. यातल्या कित्येक मुलांना समान छेद करून बेरीज करण्याची रीत पाठ असणार. रीत येते, पण ७/८ हा एकाच्या किती जवळ आहे हे डोळ्यांसमोर येत नाही. अशा मुलांना आणखी पन्नास बेरजा सोडवायला देऊन काही साधत नाही. त्यांना संख्यारेषेवर ७/८ कुठे बसतं ते दाखवायला लावलं पाहिजे.

दुसरं उदाहरण त्यानंतरच्या, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीच्या फेरीतलं. एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, १,१२८ सैनिकांना प्रशिक्षणस्थळी न्यायचं आहे, बस किती लागतील? भागाकार ३१, बाकी १२. तेरा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ७० टक्क्यांनी भागाकार बरोबर केला. एकूण मुलांपैकी २९ टक्क्यांनी लिहिलं '३१, बाकी १२'. १८ टक्क्यांनी लिहिलं ३१, म्हणजे बारा सैनिक रस्त्यावरच राहिले. ३२ लिहिणारे होते २३ टक्के. आता या प्रश्नाचा 'निकाल' २३ टक्के सांगायचा की ७० टक्के? दोन्ही आकडे खरे आहेत. भागाकार शिकवणाऱ्या शिक्षकाचं काम ७० टक्क्यांत दिसतं. उरलेली सत्तेचाळीस टक्के मुलं भागाकार येऊनही अडली, कारण शाब्दिक उदाहरण म्हणजे त्यातल्या संख्या उचलायच्या, क्रिया करायची आणि आलेलं लिहून टाकायचं, अशी त्यांना सवय झाली होती. ही सवय कुठल्याही पाठ्यपुस्तकात नसते. ती वर्गातच लागते, आणि अशा चाचणीशिवाय ती इतक्या उघडपणे पकडली जात नाही.

चांगल्या प्रश्नाचे चुकीचे पर्याय म्हणूनच फार विचार करून ठेवावे लागतात. प्रश्न तपासणाऱ्यांच्या बैठकीत सर्वांत जास्त भांडणं तिथेच होतात. एक साधा नमुना घ्या. सर्वांत मोठी संख्या कोणती: ०.६, ०.५८, ०.४७५, ०.०९? बरोबर उत्तर ०.६. 'जितके अंक जास्त तितकी संख्या मोठी' असं मानणारं मूल ०.४७५ निवडेल. छान, त्याची गैरसमजूत सापडली. पण काही मुलांची समजूत बरोबर उलटी असते. शतांश, सहस्रांश हे लहान-लहान तुकडे, म्हणून अंक कमी असतील ती संख्या मोठी, असं ती धरून चालतात. ती मुलं ०.६ च निवडतील. उत्तर बरोबर, समजूत चूक, आणि अहवालात ती 'दशांश अपूर्णांक येतात' या रकान्यात जाऊन बसतील. म्हणून पर्याय बदलून ०.३, ०.५२ आणि ०.४८१ असे करायचे. आता अंक मोजणारं मूल ०.४८१ कडे जातं, उलट समजुतीचं मूल ०.३ कडे जातं, आणि ज्याला कळलंय ते ०.५२ कडे. तीन मुलं, तीन वाटा. तुमच्या घटक चाचणीचे प्रश्न एकदा या नजरेने चाळून बघा. जे मूल मनात चुकीचा नियम धरून बसलंय, त्याला तुमचा प्रश्न पकडतो की सोडून देतो?

टक्के वाचताना आणखी एक गोष्ट कायम डोक्यात ठेवा. चार पर्यायांच्या प्रश्नात डोळे मिटून खूण केली तरी चारातलं एक बरोबर येतं. म्हणजे सरासरी २५ टक्के ही तिथली शून्याची जागा झाली. भारतात ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी आणि नववीसाठी 'परख राष्ट्रीय सर्वेक्षण' झालं. सुमारे ७४ हजार शाळा, एकवीस लाखांवर मुलं. त्यात नववीच्या गणिताची राष्ट्रीय सरासरी ३७ टक्के आली. ३५ ला पास असं डोक्यात बसलेल्या माणसाला ते 'काठावर पास' वाटतं. पण २५ च्या वर फक्त १२ उरतात, आणि ते उरलेल्या ७५ पैकी. म्हणजे ढोबळ हिशेबाने खऱ्या माहितीचा वाटा सोळा टक्क्यांच्या आसपास. ढोबळच, कारण मुलं निव्वळ अंदाज क्वचित बांधतात. पण तो आकडा पासाचा नाही एवढं कळायला हे पुरे.

त्याच अहवालावरून 'तिसरीत गणितात ६० टक्के, नववीत ३७, म्हणजे मुलं वर जातात तशी गणित विसरतात' असंही खूप बोललं गेलं. हा निष्कर्ष त्या आकड्यांतून निघत नाही. तिसरीची पुस्तिका वेगळी, नववीची वेगळी, प्रत्येक आपापल्या इयत्तेच्या अध्ययन निष्पत्तींवर, म्हणजे त्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं त्यावर, बेतलेली. नववीचे प्रश्न तिसरीच्या मानाने अवघड काढले की सोपे, त्यावरच हा फरक पडू शकतो. दोन इयत्तांत काही प्रश्न सामाईक ठेवून त्यांना एकाच मोजपट्टीवर आणलं असेल तरच 'घसरण' म्हणता येते. मोठ्या वर्गांत गणिताची अवस्था चिंतेची आहे, हे मलाही मान्य आहे. पण त्यासाठी नववीच्या प्रश्नांतली चुकीची उत्तरं पाहा. ६० वजा ३७ या वजाबाकीत काही नाही.

वर्षावर्षांच्या तुलनेचंही तसंच. १९८६ मध्ये 'नेप' च्या वाचन चाचणीत नऊ आणि सतरा वर्षांच्या मुलांची सरासरी अचानक कोसळली. दोन वर्षांत देशभरची मुलं वाचायला विसरली हे कोणालाच पटेना, म्हणून निकाल रोखून चौकशी झाली. बदललं काय होतं? १९८४ मध्ये पुस्तिकेत वाचनाच्या जोडीला लेखन होतं; १९८६ मध्ये वाचनाचे गट गणित-विज्ञानाच्या गटांबरोबर आले. प्रश्नांचा क्रम आणि वेळेची विभागणीही थोडी बदलली होती. प्रश्न मात्र तेच. मग १९८८ मध्ये मुद्दाम प्रयोग केला: सारख्याच मुलांच्या दोन गटांपैकी एकाला जुनी मांडणी, दुसऱ्याला नवी. घसरणीचा मोठा वाटा मुलांचा नव्हता, मांडणीचा होता हे त्यातून दिसलं. बदल मोजायचा असेल तर मोजमाप बदलू नका, हे त्या चौकशीतल्या अल्बर्ट बीटन यांचं म्हणणं तेव्हापासून या धंद्यात सगळे सांगतात आणि दर काही वर्षांनी कोणीतरी विसरतंच. ऑस्ट्रेलियाने निदान प्रामाणिकपणा दाखवला. २०२३ मध्ये त्यांनी 'नॅपलान' ही चाचणी मे महिन्यातून मार्चमध्ये आणली, पातळ्याही बदलल्या, आणि स्वच्छ सांगितलं की आधीच्या वर्षांशी तुलना करू नका, मालिका इथून नव्याने सुरू. भारतात इयत्ताच बदलल्या आहेत. २०१७ आणि २०२१ च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणांत तिसरी, पाचवी, आठवी होती. २०२४ च्या 'परख' मध्ये तिसरी, सहावी, नववी. पाचवीच्या निकालाशेजारी सहावीचा निकाल लावून बाण वर किंवा खाली दाखवणारे तक्ते मी बाजूला ठेवतो.

सरासरी घसरली म्हणजे सगळे घसरले असंही नाही. काल्पनिक आकडे घ्या. एका गटाची सरासरी २६० ची २६४ झाली, दुसऱ्याची २३० ची २३६. दोघेही सुधारले. पण आधी दुसऱ्या गटाची मुलं शंभरात वीस होती, आता चाळीस आहेत, कारण पूर्वी शाळेबाहेर असलेली मुलं शाळेत यायला लागली. एकूण सरासरी २५४ वरून २५२.८ वर येते. ज्या व्यवस्थेने जास्त मुलं शाळेत आणली आणि प्रत्येक गटाला पुढे नेलं, तिच्यावर 'दर्जा घसरला' असा मथळा छापला जातो. म्हणून मी आधी गटवार तक्ता उघडतो, एकूण सरासरी नंतर.

रेघ कुठे आखली याबद्दल थोडक्यात. २०२४ च्या 'नेप' मध्ये आठवीच्या वाचनात 'प्रवीण' पातळीवर किंवा त्याच्या वर ३० टक्के मुलं होती. 'मूलभूत' पातळीवर किंवा वर सुमारे ६७ टक्के. मुलं तीच, चाचणी तीच, आणि दोन्ही मथळे खरे. 'प्रवीण' ही रेघ तिथे मुद्दाम उंच ठेवलेली आहे. इयत्तेपुरतं येणं असा तिचा अर्थ नाही, हे ते स्वतःच सांगतात. अशी रेघ यंत्र ठरवत नाही. शिक्षक आणि विषयतज्ज्ञ एका खोलीत बसतात, प्रत्येक प्रश्न वाचतात, 'जेमतेम या पातळीला पोचलेलं मूल हा सोडवेल का' याचा अंदाज मांडतात, चर्चा करतात, अंदाज सुधारतात. शेवटी तो माणसांचा निर्णय असतो. त्यामुळे एखाद्या पातळीवर किती टक्के आहेत हे वाचण्याआधी त्या पातळीचं वर्णन वाचा. साधारण अर्ध्या पानाचं असतं.

आता बाकीचे विषय. तुमची तक्रार रास्त आहे. अमेरिकेत पहिल्याच फेरीत, १९६९ मध्ये, विज्ञान, लेखन आणि नागरिकशास्त्र होतं. वाचन-गणित नंतर आलं. पुढे कायद्याने चौथी-आठवीचं वाचन आणि गणित दर दोन वर्षांनी सक्तीचं झालं, आणि इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र, कला हे पैसे आणि वेळ उरेल तसे. कलेचा प्रयत्न १९९७ मध्ये खरोखर मनापासून झाला: आठवीच्या मुलांना गायला-वाजवायला, चित्र काढायला, नाट्यप्रवेश करायला लावून मोजलं. नृत्यासाठीही चाचणी तयार होती, पण नृत्य शिकवणाऱ्या शाळाच नमुन्यापुरत्या मिळाल्या नाहीत. पुढच्या फेऱ्यांत संगीत आणि चित्रकला एवढेच उरले.

मला स्वतःला सर्वांत आवडलेली रचना न्यूझीलंडची. १९९५ ते २०१० या काळात तिथे चार वर्षांचं चक्र होतं. दर वर्षी तीन-चार विषय, आणि चार वर्षांत विज्ञान, संगीत, चित्रकला, तंत्रज्ञान, समाजशास्त्र, आरोग्य आणि शारीरिक शिक्षण यांच्यासह सगळा अभ्यासक्रम झाकून व्हायचा. चौथ्या आणि आठव्या वर्गातली थोडी मुलं निवडायची आणि वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकांनाच काही आठवड्यांसाठी सोडवून, प्रशिक्षण देऊन चाचणी घ्यायला पाठवायचं. शिक्षक मुलासमोर बसून साहित्य देतो, मूल करून दाखवतं, बोलतं, आणि त्याचं चित्रीकरण होतं. काही कामं चार मुलांनी मिळून करायची. मूल का चुकलं हे इथे थेट ऐकू येतं. खर्च प्रत्येक मुलामागे जास्त, पण मुलं थोडी असल्याने एकूण आवाक्यात. आणि परत गेलेले शिक्षक नवी नजर घेऊन वर्गात जायचे. मला वाटतं अहवालापेक्षा हाच मोठा फायदा होता. प्रत्येक मुलाची, प्रत्येक वर्षी, दोनच विषयांची चाचणी घेण्यापेक्षा थोड्या मुलांची, आळीपाळीने सगळ्या विषयांची घेणं मला केव्हाही शहाणपणाचं वाटतं. ज्याचा आकडा दर वर्षी छापून येतो त्याचे तास वेळापत्रकात वाढतात आणि उरलेल्यांचे खाल्ले जातात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

नमुना कितीही मोठा असला तरी चाचणी कोणी आणि कशी घेतली यावर सगळं येऊन ठरतं. भारतात सरकारी सर्वेक्षणं शाळेत होतात. 'प्रथम' संस्थेने २००५ पासून चालवलेलं 'असर' हे ग्रामीण भागात घरी जाऊन होतं आणि मुलाला समोर बसवून मोठ्याने वाचायला लावतं. २०२४ च्या 'असर' मध्ये सरकारी शाळांतली तिसरीची २३.४ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. 'परख' मध्ये तिसरीच्या भाषेची सरासरी ६४ टक्के होती. एक आकडा मुलांची टक्केवारी, दुसरा बरोबर उत्तरांची. एकात तोंडी वाचन, दुसऱ्यात पर्यायांवर खूण. हे लक्षात घेतलं तर अर्धी तफावत तिथेच समजते. उरलेल्या अर्ध्याबद्दल संशोधकांनी राज्यवार तुलना केल्या आहेत. सरकारी सर्वेक्षणांच्या आधीच्या फेऱ्यांत सरासरी स्वतंत्र सर्वेक्षणांपेक्षा चढी असल्याचं आणि राज्यांचा क्रमही नीट जुळत नसल्याचं त्यात दिसलं. परीक्षेच्या खोलीत कुजबुजलेलं एक उत्तर लाखांच्या नमुन्यात विरघळत नाही. सगळ्या खोल्यांत कुजबुज झाली तर नमुना जितका मोठा तितका चुकीचा आकडा जास्त ठामपणे छापला जातो.

तर मग तुम्ही शाळेत काय करायचं? अहवालातून तुमच्या इयत्तेचे, सार्वजनिक केलेले तीन-चार प्रश्न निवडा, ज्यांत एखादा चुकीचा पर्याय बरोबर उत्तराइतका किंवा त्याहून जास्त निवडला गेलाय. विज्ञानाचे दोन, गणिताचा एक, आणि वाचनाचा एक घ्या, ज्याचं उत्तर उताऱ्यात शब्दशः सापडत नाही, ओळींच्या मधून काढावं लागतं. आधी शिक्षकांच्या बैठकीत विचारा, आपली मुलं काय उत्तर देतील? प्रत्येकाचा अंदाज कागदावर घ्या. मग वर्गात प्रश्न द्या, गुण न देता, आणि उत्तराखाली 'असं का वाटलं' यासाठी दोन ओळी सोडा. या दोन ओळी वाचायला तुम्हाला एक दुपार लागेल. अंदाज आणि प्रत्यक्ष यांत जिथे सर्वांत जास्त अंतर पडेल, तो घटक पुन्हा शिकवायचा, पण त्याच पद्धतीने नाही. चाचणीचे नमुना संच आणून रोज सोडवून घेणं मात्र टाळा; त्याने गुण वाढतात आणि आम्हाला मिळणारी माहिती खराब होते.

आणि पुढच्या वेळी तुमची शाळा नमुन्यात आली, तर यादीत नाव असलेलं मूल त्या दिवशी आलं नसेल म्हणून त्याच्या जागी दुसरं हुशार मूल बसवू नका. गैरहजर म्हणून नोंदवा. गैरहजर मुलांचा हिशेब आमच्याकडे वेगळा मांडला जातो; परस्पर बदललेल्या मुलाचा आम्हाला पत्ताच लागत नाही.